परिवार ग्रुप: प्रफुलची शाळा आणि नेटवरचं कामाचं साहित्य

प्रफुल: सर्वांना नमस्कार. काल शाळेचा प्रभार घेतला. पहिली ते पाचवी, दोनच शिक्षक, अन् पोरं घरी कोरकू बोलणारी. मेळघाटात धारणीपासून आत आहे. शाळेत रेंज नाही, टेकाडावर चढलं की दोन कांड्या दिसतात. चार्जमध्ये कपाटाची चावी, जनरल रजिस्टर अन् पासवर्डची एक वही मिळाली. ग्रुपवर इतके पीडीएफ अन् लिंका येऊन राहिल्या की खरं कोणतं तेच कळत नाही. आत्या, वहिनी, शाळा चालवायला अन् शिकवायला नेटवरचं नेमकं काय घ्यावं ते सांगा ना.

विजय काका: अभिनंदन बापू! पेढे कवा?

संध्या आत्या: अभिनंदन बेटा. सुरुवात शासन निर्णयापासून कर, हेडमास्तर अडतो तो तिथंच. ग्रुपवर आलेला जीआर वाच, पण त्याच्या भरवशावर काम करू नको. शेवटच्या पानावर 'सदर शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक' असं वाक्य असते आणि पुढे लांबलचक आकडा. तो आकडा शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर टाकायचा. पत्ता जीआर डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन. मूळ प्रत निघाली तर खरा. आकडा नसेल तर विभागात 'शालेय शिक्षण व क्रीडा' निवडून तारखेवरून शोध. तरी नाही सापडला तर केंद्रप्रमुखांना विचार, मगच सही कर.

संध्या आत्या: आणि एकाच पानाचा फोटो फिरत असेल तर जास्तच जप. अटी-शर्तींचं पान त्यात नसते, आणि पुढे ऑडिटमध्ये नेमकं तेच पान काढतात.

विजय काका: ताई, पावसाळ्यात सुट्टीचे मेसेज येते तेही असेच का वं? मांगच्या पावसाळ्यात आमच्या इथले अर्धे पोट्टे घरीच राह्यले अन् शाळा तर चालू होती.

संध्या आत्या: हो, तेही. अतिवृष्टीची सुट्टी जिल्हाधिकारी जाहीर करतात. आदेशावरची तारीख आणि वर्ष आधी बघायचं. जुनाच आदेश पुन्हा फिरवतात लोक.

रूपाली वहिनी: भाऊजी, माझ्याकडून यू-डायस प्लसचं, म्हणजे शाळेची अन् मुलांची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलचं ऐका, सगळ्यात जास्त वेळ तेच खाते. प्रत्येक मुलाचा पेन नंबर, म्हणजे कायमचा शिक्षण क्रमांक असतो. मूल शाळा सोडून गेलं की त्याला पोर्टलवरच्या ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत टाकावं लागते, तेव्हाच नवी शाळा त्याला आपल्याकडे ओढू शकते. आपण टाकलं नाही तर दुसरीकडचे गुरुजी महिनाभर फोन करत बसतात आणि मूल कागदावर कुठलंच राहत नाही. तुमच्याकडे दिवाळीनंतर घरंच्या घरं कामाला बाहेर जातात. जे परत येणार आहेत त्यांना शिक्षण हमी कार्ड देऊन पाठवा, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येते.

प्रफुल: वहिनी, आधारचं काय करू? बऱ्याच पोरांचं नाव रजिस्टरात एक, आधारवर दुसरं. पोर्टल घेत नाही.

रूपाली वहिनी: एकेक मूल घ्या. नाव, जन्मतारीख, लिंग, या तिघांपैकी काय जुळत नाही ते वहीत लिहा. रजिस्टरात परस्पर खाडाखोड करू नका, जनरल रजिस्टर हा कायमचा दस्तऐवज आहे. जन्माचा दाखला ज्याच्या बाजूने आहे ते धरायचं. आधार चुकलेलं असेल तर पालकांना आधार केंद्रावर पाठवा. ५ वर्षं पूर्ण झाल्यावर आणि १५ वर्षं पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे तसेही अद्ययावत करावेच लागतात, त्याच फेरीत नावाचंही काम होते.

संध्या आत्या: आणि मुलांच्या आधारचे फोटो कोणत्याच ग्रुपवर टाकायचे नाहीत. 'साहेबांनी माहिती मागवली, या गुगल फॉर्मात भरा' असा मेसेज आला तर आधी ऑफिसला फोन लाव. पासवर्डची ती वही कपाटात ठेव आणि सगळे पासवर्ड या आठवड्यात बदल. लेकरांची माहिती आपल्या भरवशावर ठेवलेली असते, ती सांडू द्यायची नाही.

निखिल: प्रफुलदादा, अभिनंदन! रेंज नाही म्हणतोस तर माझं मत असं की लिंकांच्या मागे लागूच नको. जे एकदा उतरवलं की नेटशिवाय चालते तेवढंच घे. बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळ्या इयत्तांची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत. पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपने स्कॅन कर, त्या धड्याचं साहित्य तालुक्याला आला की उतरवून ठेव, नंतर ते नेट नसतानाही उघडते. फेट (PhET) या विज्ञान-गणिताच्या प्रतिकृतींच्या संकेतस्थळाचंही तसंच. ते अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचं काम आहे, कार्ल वाइमन या नोबेल मिळालेल्या भौतिकशास्त्रज्ञाने २००२ मध्ये सुरू केलं. अपूर्णांक, तराजू, विजेची जोडणी, असं सगळं पडद्यावर हलवून बघता येते. बऱ्याच प्रतिकृती मराठीत आहेत आणि एकेक फाइल उतरवून लॅपटॉपवर नेटशिवाय चालते.

प्रफुल: लॅपटॉप एक आहे शाळेत. पण लाइनचा भरोसा नाही.

निखिल: मग आदल्या दिवशी घरी चार्ज करून ने. प्रश्नपत्रिकांसाठी एआय पण वापरता येईल दादा, दोन मिनिटांत काढून देते.

संध्या आत्या: निखिल, त्याला माझा विरोध नाही, पण एकही प्रश्न न तपासता मुलांपुढे जाऊ नये. मी पाहिलंय, मराठीत चुकीची माहितीसुद्धा ते ठामपणे लिहून देते. माहिती ताडायची तर मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, तो उघड. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला ग्रंथ आहे तो, बहुतेक नोंदींखाली लेखकाचं नाव असते. आणि 'किशोर' मासिक! बालभारतीचं, १९७१ पासूनचं. जुने अंक नेटवर वाचायला खुले आहेत. त्यातली एक गोष्ट रोज परिपाठाला वाच.

रूपाली वहिनी: आत्या, कोरकू बोलणाऱ्या पहिलीच्या मुलांना 'किशोर' जड जाईल. त्यांना स्टोरीवीव्हर बरं. प्रथम बुक्सचं आहे, २०१५ पासून. चित्रांची पुस्तकं, पातळीनुसार लावलेली, मराठीत भरपूर. गोंडीतही आहेत. परवाना खुला आहे, म्हणजे लेखक-चित्रकाराचं नाव ठेवून आपण छापू शकतो, झेरॉक्स काढू शकतो, भाषांतरही करू शकतो. बाजारातल्या गाइडांची झेरॉक्स काढायची ती गोष्ट वेगळी.

प्रफुल: म्हणजे चित्र तेच ठेवून खाली कोरकूत लिहिलं तर चालेल?

रूपाली वहिनी: चालेल काय, तेच करा! आमच्या शाळेत कोलामी मुलं आहेत. आम्ही पुस्तक छापतो, मराठी ओळीवर कागदाची पट्टी चिकटवतो आणि मुलांना विचारतो, हा काय करून राहिला? मूल त्याच्या भाषेत सांगते, आम्ही ते देवनागरीत पट्टीवर लिहितो. मग पट्टी उचलून खालची मराठी ओळ वाचतो. जे पोरगं तोंड उघडत नव्हतं ते आता पट्टी मलाच वाचून दाखवते, माझा उच्चार चुकला की हसते. भाऊजी, तुमच्याकडे एखाद्या आजीला वर्गात बोलवा, कोरकू शब्द तिच्याकडून घ्या.

संध्या आत्या: रूपाली, हे मला फार आवडलं. प्रफुल, हे आधी कर, बाकीचं मागून.

संध्या आत्या: अजून एक नाव सांगते, अरविंद गुप्ता. आयआयटीतून इंजिनिअर झाले आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत वर्षानुवर्षं मुलांसाठी टाकाऊतून खेळणी केली. २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर खेळण्यांचे फोटो, छोटे व्हिडिओ आणि मराठी-हिंदी पुस्तकांचा मोठा साठा आहे, सगळं फुकट. त्यातली विजेची मोटार माझ्या हायस्कूलच्या पोरांनी कितीदा केली असेल. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक छोटा चुंबक आणि वार्निश असलेली तांब्याची तार. तारेची गुंडाळी करायची, दोन्ही टोकं बाहेर ठेवायची. एका टोकाचं वार्निश चारी बाजूंनी खरवडायचं, दुसऱ्याचं अर्ध्याच बाजूचं. मुलं हौसेने दोन्ही पूर्ण खरवडतात आणि गुंडाळी नुसती थरथरते, फिरत नाही. तेव्हा सांगायचं नाही, विचारायचं. अर्ध्या फेरीत वीज तुटली नाही तर चुंबक तिला पुढे ढकलतो आणि लगेच मागे ओढतो, हे त्यांच्याच तोंडून निघालं की तो वर्ग जिंकला. तुझ्या चौथी-पाचवीलाही जमेल.

विजय काका: ताई, हे झालं मास्तरायचं. मी शाळा समितीचा अध्यक्ष हाओ, मले नेटवर काय पाह्यता येते ते सांगा.

संध्या आत्या: विजय, यू-डायस प्लसवर 'नो युवर स्कूल' असा भाग आहे. पासवर्ड लागत नाही. आपल्या शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक टाक, खोल्या किती, शिक्षक किती, संडास-पाण्याची सोय काय, शाळेने काय भरून दिलं ते दिसते. तो कागद छापून समितीच्या सभेत ठेव आणि सगळ्यांनी मिळून शाळेत फिरून बघा. मुलींचा संडास कागदावर चालू आणि खरोखर कुलूप, असं दिसलं तर ठराव घ्या. शिक्षण हक्क कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बाया. त्यांना बोलू द्या.

विजय काका: हे लय बेस सांगतलं. पुढच्या सभेत करतोच.

रूपाली वहिनी: काका, तुमच्या शाळेत आठवी आहे ना? मग एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीचंही विचारा. आठवीत परीक्षा, पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत पाहिजे, पास होऊन निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. परीक्षेची माहिती महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर असते. पण निवडीनंतर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावा लागतो आणि दरवर्षी नूतनीकरण करावं लागते. तो अर्ज राहिला की निवड होऊनही पैसे येत नाहीत. नववीला दुसऱ्या गावी गेलेल्या पोरांचं हे कोणीच बघत नाही. समितीने त्यांची नावं लिहून ठेवली तर मोठं काम होईल.

प्रफुल: वहिनी, पाचवीत दोन पोरी हुशार आहेत म्हणे. नवोदय या केंद्राच्या निवासी शाळेच्या परीक्षेला बसवाव्या म्हणतो. गावात कोणीतरी फॉर्मचे पाचशे रुपये सांगून राहिला.

रूपाली वहिनी: एक रुपया द्यायचा नाही! नवोदयचा अर्ज फुकट आहे, नवोदय विद्यालय समितीच्याच संकेतस्थळावर भरायचा. ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात, म्हणून तिसरी ते पाचवी ग्रामीण शाळेत शिकल्याची नोंद नीट भरा. मुख्याध्यापकाच्या सहीचं प्रमाणपत्र लागते, म्हणजे आता तुमच्याच सहीचं. फोटो, मुलीची सही, पालकांची सही आधीच मोबाईलमध्ये काढून ठेवा आणि रेंजमध्ये आलात की भरा. शेवटच्या तारखेची वाट बघू नका, साइट चालत नाही.

निखिल: दादा, रविवारी तू परतवाड्याला येशील ना? पेनड्राइव्ह घेऊन ये. बालभारतीची पुस्तकं, फेटच्या मराठी फाइली आणि मोटारीचे व्हिडिओ मी भरून देतो.

रूपाली वहिनी: त्यात स्टोरीवीव्हरची पहिल्या पातळीची पुस्तकंही टाक रे निखिल. आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे लिबरऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरचे मराठी धडे. हजेरीचा अन् पोषण आहाराचा हिशोब भाऊजी स्वतःच त्यातल्या कॅल्क या तक्त्याच्या प्रोग्रॅममध्ये मांडतील.

प्रफुल: येतो रविवारी. आत्या, तांब्याची ती तार कुठं मिळते?

संध्या आत्या: पंप-मोटारी भरणाऱ्याकडे. जुनी काढलेली तार तो फुकट देते. पातळ बघून घे.