१० मीटर एअर रायफल: पेलेट (छर्रे) घरी वजन करून निवडावेत का?

शिकाऊ_नेमबाज
नमस्कार मंडळी, दीड वर्ष झालं १० मीटर एअर रायफल करतेय आणि ६० शॉटला ६०६ च्या आसपास अडकलेय, म्हणजे सरासरी १०.१ (एका शॉटला जास्तीत जास्त १०.९). घरातल्या लांब पॅसेजमध्ये अंतर मोजून टार्गेट लावलंय. आता पेलेट निवडायचं डोक्यात आलं म्हणून ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घेतला आणि एका डबीतले दोनशे पेलेट मोजत बसले, तर सगळे ०.५३ नाहीतर ०.५४. यातून काय समजायचं? अजून बारीक काटा घेऊ, की हेड साइज (पेलेटच्या डोक्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये) ४.४९, ४.५०, ४.५१ अशा वेगवेगळ्या डब्या आणून बघू? आणि टेस्ट हातानं मारून करायची का रायफल क्लॅम्पमध्ये घट्ट बसवून?

जुना_रेंजवाला
ताई, तो काटा ठेवून द्या. ०.५३ ग्रॅमच्या पेलेटमध्ये एक टक्का फरक म्हणजे जेमतेम ०.००५ ग्रॅम, तो या काट्याला दिसणारच नाही, त्यासाठी ०.००१ वाला लागतो. आणि तो घेतलात तरी वजनापेक्षा डोक्याचा व्यास आणि मागचा पातळ स्कर्ट (पोकळ घेर) जास्त महत्त्वाचा. एकाच वजनाचे दोन पेलेट, पण एकाचा स्कर्ट डबीत दाबला गेला असेल तर तो बॅरलमध्ये नीट बसत नाही, हवा एका बाजूनं सुटते आणि शॉट भलतीकडे जातो. डबी उघडली की वाकडे, कडा चेपलेले डोळ्यांनीच बाजूला काढा, एवढं पुरे.
टेस्ट मात्र क्लॅम्पमध्येच. हातानं मारलं तर पेलेट तपासताय की स्वतःला, ते कळणार नाही. बॅरल साफ केली असेल तर आधी वीसेक शॉट वाया घालवा, मग प्रत्येक डबीचे १० शॉटचे तीन ग्रुप (एकाच जागी मारलेल्या शॉटचा संच) घ्या, पाच शॉटचा ग्रुप फार फसवतो, तीच डबी एकदा भारी आणि एकदा टुकार दिसते. भोकाची बाहेरची रुंदी मोजून त्यातून पेलेटचा व्यास ४.५ मिलिमीटर वजा करा. ५.२ आली तर ग्रुप ०.७ मिलिमीटरचा, म्हणजे छान. डबीवरचा बॅच नंबर लिहून ठेवायला विसरू नका, तोच ब्रँड, तीच साइज आणि बॅच वेगळी असली तर पुन्हा पहिल्यापासून टेस्ट.

गणितप्रेमी
वरचं सगळं बरोबर पण जरा हिशोब बघा. १०.१ म्हणजे शॉट मध्यापासून साधारण २ मिलिमीटर लांब जातोय, कारण दर ०.२५ मिलिमीटरला ०.१ पॉइंट जातो. त्यात पेलेटची ०.५ मिलिमीटरची चूक मिसळली तर बेरीज २.५ होत नाही, दोन चुका वेगवेगळ्या दिशांना असतात म्हणून वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं, उत्तर २.०६. म्हणजे अगदी परफेक्ट पेलेट मिळाले तरी ६० शॉटला दीडेक पॉइंट वाचणार. बाकीचं होल्ड (रायफल स्थिर धरणं) आणि ट्रिगरमध्ये आहे. ६२५ च्या पुढे गेलात की हाच दीड पॉइंट सोन्यासारखा.

जुना_रेंजवाला
हिशोब पटला, तरी एक सांगतो. खराब बॅचमधला एखादा पेलेट सगळे सोडून एकदम ९ वर जातो, आणि नवीन शूटरला वाटतं आपलंच चुकलं, मग तो चांगली चाललेली पोझिशन बदलत बसतो. माझ्या एका शिष्येचे असेच दोन महिने गेले. एक चांगली बॅच शोधा, पुरेशा डब्या घेऊन ठेवा आणि मग पेलेटचा विषय डोक्यातून काढून टाका.

शिकाऊ_नेमबाज
अगदी हेच होतंय माझं, परवा सलग चार दहा आणि मग ८.९, आणि मी लगेच बटप्लेट (रायफलचा खांद्याला टेकणारा भाग) हलवली 😞 क्लॅम्प क्लबमध्ये आहे, रविवारी तीन साइज घेऊन जाते.

सेफ्टी_आधी
पॅसेजबद्दल कोणीच विचारलं नाही. टार्गेटमागे जाड पत्र्याची पेटी आहे ना? पॅसेजमध्ये मधेच उघडणारं दार असेल तर ते पॅसेजच्या बाजूनं बंद करूनच मारा. रायफलचा हवेचा सिलिंडर २०० बार दाबाच्या वर भरू नका आणि त्याच्यावरची तारीख बघा, बहुतेक कंपन्या १० वर्षांनंतर वापरू नका म्हणतात. पेलेट शिशाचे असतात, हात धुतल्याशिवाय खायचं नाही, घरात लहान मूल असेल तर पेटीतला चुरा ओल्या कापडानं पुसा, झाडू मारून उडवू नका.

शिकाऊ_नेमबाज
दार आहे एक, बाथरूमचं 😳 आजच कडी लावते.