पोर बोटही हलवत नाही, आत दुखत असेल का?

भाचा चार वर्षांचा, परळला पीआयसीयूत, म्हणजे लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात. न्यूमोनियाने फुफ्फुसं पार बसली. व्हेंटिलेटर आहेच, काल व्हेकुरोनियमही लावलं. ताई घाबरलीय.

— मी पीआयसीयूत नर्स होते. हे औषध फक्त स्नायू थांबवतं; झोप आणत नाही, वेदनाही मारत नाही. त्यामुळे सोबत वेदनेसाठी फेंटानिल, झोपेसाठी मिडाझोलाम चालू हवंच. विचारा! पोर मशीनशी झगडलं की फुफ्फुसाला इजा होते, ती टाळायला देतात. पापण्या मिटत नाहीत, डोळ्यांत मलम घालतात का बघा. आणि कानाशी बोलत राहा.

— मोठ्यांवरच्या 2010 च्या फ्रेंच अभ्यासात 48 तासांच्या सिसअॅट्राक्युरियमने (याच जातीचं औषध) फायदा दिसला. 2019 च्या अमेरिकन अभ्यासात, 1006 रुग्णांत, मृत्यू घटले नाहीत. मुलांबाबत पुरावा आणखी तोकडा. रोज विचारा, हे औषध आज थांबवता येईल का?

— विचारलं. फेंटानिल चालू आहे. ताई कानाशी म्हणतेय, 'पुढील स्टेशन, दादर'. लोकलचं वेड आहे त्याला.