गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधलं ॲडमिनने काय काढावं आणि ज्याचं त्याने काय गाळावं? मदत हवी आहे

समुद्रकाठ:

नमस्कार मंडळी,

मालवण तालुक्यात अगदी किनाऱ्याला लागून आमचं गाव. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या तीन ॲडमिनपैकी मी एक. सातशेच्या आसपास माणसं आहेत त्यात. रापणकर (म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे मच्छीमार), छोट्या होड्यांवाले, आंबा-काजूचे बागायतदार, माझ्यासारखे पर्यटकांची राहण्याजेवणाची सोय करणारे, आणि निम्म्याहून जास्त मुंबईचे चाकरमानी. कोण वारलं, गणपतीच्या गाडीचं जास्तीचं तिकीट कोणाकडे आहे, फवारणीला माणूस मिळेल का, सगळं या एकाच ग्रुपवर चालतं. तो मोडू नये असं मनापासून वाटतं, म्हणून इथे विचारते आहे.

सध्या ग्रुपमध्ये सरळ दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं, ॲडमिनने कडक व्हावं, नको ते दिसलं की उडवावं. दुसरी बाजू म्हणते, "तुम्हाला पंच कोणी नेमलं? ज्याला नको त्याने म्यूट करावं, वाचू नये." मला दोघांचंही पटतं आणि तिथेच गाडी अडते. तीन प्रसंग सांगते.

पहिला उधाणाचा. मच्छीमार सोसायटीतल्या एका दादांनी संध्याकाळी इन्कॉइसचा इशारा ग्रुपवर टाकला. इन्कॉइस म्हणजे हैदराबादची केंद्र सरकारची संस्था, समुद्राच्या लाटांचे अंदाज देते. दूरच्या समुद्रातल्या वादळाने उठलेल्या लांब लाटा दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागणार, होड्या वर ओढून घ्या, असा मजकूर होता. अशा लाटांचं वाईट म्हणजे आपल्याकडे वारा पडलेला असतो, आभाळ निरभ्र असतं, आणि पाणी अचानक वर चढतं. डोळ्यांनी बघून अंदाज येत नाही, इशाऱ्यावरच भिस्त. त्या इशाऱ्याखाली पाच मिनिटांत कोणाचा तरी वाढदिवस सुरू झाला. केक, हार, फटाके, 'उदंड आयुष्याच्या अनंत शुभेच्छा'. मग एक राजकीय व्हिडिओ, त्यावर रात्री साडेअकरापर्यंत हमरीतुमरी. सकाळी ग्रुप उघडणाऱ्याला इशारा कुठे सापडणार? खालच्या वाडीतल्या एका काकांची होडी भरतीच्या रेषेजवळच राहिली. लाटेने उचलून शेजारच्या होडीवर आपटली, बाजूची फळी उभी चिरली. काकांनी ग्रुप कायमचा म्यूट केला होता. रोजच्या फॉरवर्डना कंटाळून केला होता, त्यात त्यांचं काय चुकलं?

दुसरा प्रसंग माझ्या जास्त जिव्हारी लागलेला. एका मुलाने फोटो टाकला, "हा माणूस मुलं पळवतो, आपल्या भागात फिरतोय, दिसला तर सोडू नका." फोटोतला माणूस चादरी विकायला दरवर्षी येणारा. माझ्याकडच्या खोल्यांतल्या चादरी त्याच्याचकडून घेतलेल्या. मी मेसेज ताबडतोब सगळ्यांसाठी डिलीट केला. तिथे माझं नाव उमटलं, कारण कोणत्या ॲडमिनने मेसेज काढला ते व्हॉट्सॲप सगळ्यांना दाखवतं. संध्याकाळपर्यंत त्या मुलाच्या भावकीतून फोन: "आमच्या पोराचा मेसेज काढलात, परवा त्यांच्या भाच्याने शिव्या घातल्या तेव्हा कुठे होतात?" वर सल्ला, की नको असेल तर तुम्ही बघू नका. अहो, मी न बघितल्याने त्या चादरवाल्याला काय फरक पडणार? बाकीचे सातशे तर बघणारच. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं, ते अशाच अफवांवरून. फॉरवर्ड एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येण्याची मर्यादा व्हॉट्सॲपने भारतात त्याच महिन्यात आणली.

तिसऱ्या प्रसंगात दुसरी बाजू खरी ठरली. एका रापणकराने लिहिलं, की रात्री एलईडी दिवे लावलेल्या बोटी अगदी जवळ येऊन मासळी उचलून नेतात, आमच्या जाळ्यात काही उरत नाही. एलईडीच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली आहे, म्हणजे तक्रार पूर्ण रास्त. शिवी नाही, कोणाचं नाव नाही. आमच्यातल्या एका ॲडमिनने ती काढून टाकली, "ग्रुपवर वाद नको" म्हणून. त्यांच्या सोयरिकीत बोटमालक आहेत हे गावाला माहीत. पोटापाण्याचा प्रश्न मांडणाऱ्याचं तोंड एका बोटाने बंद झालं. 'पंच कोणी नेमलं' हा प्रश्न तेव्हापासून मलाही टोचतो.

व्हॉट्सॲपमध्ये स्वतःपुरतं गाळायची सोय फार तोकडी आहे. म्यूट केलं तर अख्खा ग्रुप गप्प. एखाद्याला ब्लॉक केलं तरी ग्रुपमधले त्याचे मेसेज दिसतच राहतात. विषय किंवा शब्द लावून चाळायचं तर काहीच नाही. अशा ठिकाणी "ज्याने त्याने गाळावं" हे कितपत चालतं? आणि ॲडमिनच्या हाती अधिकार द्यायचा तर तो भावकीच्या, राजकारणाच्या हाती जाऊ नये म्हणून काय करता? ज्यांनी स्वतः ग्रुप चालवलेत त्यांनी कृपया लिहा.

जुनापान:

धागा आवडला. मी नोकरीच्या सुरुवातीपासून इंटरनेटवर आहे, म्हणून थोडं मागचं सांगतो. हा वाद व्हॉट्सॲपपेक्षा पुष्कळ जुना आहे.

१९८० च्या दशकात यूजनेट नावाचं चर्चांचं जाळं होतं. बहुतेक गटांना ॲडमिन नव्हताच. लॅरी वॉलने १९८४ मध्ये आरएन नावाचा वाचक-प्रोग्राम लिहिला, त्यात किल फाइल होती. नको त्या माणसाचं नाव किंवा नको तो विषय त्यात लिहिला, की तुमच्यापुरतं ते दिसायचं बंद. बाकीच्यांना दिसत राहायचं. लोक मोठ्या अभिमानाने सांगायचे, की आम्हाला पोलीस नको, आमची चाळण आमच्याकडे आहे. आणि वर्षानुवर्षं ते चाललंही, कारण माणसं थोडी होती आणि प्रत्येकाला ती फाइल लिहिता येत होती.

एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेतल्या दोन वकिलांनी ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात एकदम हजारो गटांवर टाकली. आता प्रत्येक वाचकाने आपापल्या किल फाइलमध्ये ती अडवायची म्हटलं तर एकाच्या खोडीची मेहनत सगळ्यांच्या माथी. नव्याने आलेल्याला तर फाइल काय ते माहीतच नसायचं, त्याला पहिल्या दिवशी दिसायचा तो सगळा कचरा. शेवटी असल्या जाहिराती सरसकट रद्द करणारे प्रोग्राम लोकांनीच चालवले. ज्यांना मध्यवर्ती अधिकार नको होता त्यांनीच तो उभा केला.

तुमच्या काकांचं असंच झालं, असं मला वाटतं. गाळायचं ओझं त्यांच्यावर टाकलं आणि हातात साधन दिलं एकच, सगळं बंद करायचं.

स्लॅशडॉट नावाच्या तंत्रज्ञानाच्या बातम्या-चर्चांच्या संकेतस्थळाने मधला रस्ता काढला होता. नेहमीच्या वाचकांपैकी काहींना आळीपाळीने गुण द्यायचा अधिकार मिळायचा, प्रत्येक प्रतिसादाला उणे एक ते पाच असे गुण पडायचे, आणि किती गुणांच्या वरचं वाचायचं ते वाचणारा ठरवायचा. काढलं जवळपास काहीच जात नसे, खाली ढकललं जायचं. हल्ली ब्लूस्काय हे ट्विटरसारखं समाजमाध्यम त्याच वाटेने जातंय. २०२४ पासून तिथे मजकुराला लेबल लावणाऱ्या वेगवेगळ्या मंडळींपैकी कोणाची लेबलं मानायची ते वापरणारा निवडतो. बेकायदेशीर मजकूर मात्र कंपनीच काढते. चवीचा भाग वाचकाकडे आणि इजेचा भाग मालकाकडे, अशी ती वाटणी आहे.

तळकोकणी:

ताई, आमच्या गावात पण हीच गत होती. आमी व्हॉट्सॲपची कम्युनिटी केली, म्हंजे एकाखाली बरेच ग्रुप. वर सूचनांचो ग्रुप, थंय फक्त ॲडमिन लिवतत. खाली येगळे ग्रुप: मासळी, बागायत, मुंबयकर, आणि एक गजालींचो. शुभ सकाळ, वाढदिवस, राजकारण सगळा गजालीत. ज्याका नको तेणी गजाली म्यूट करूची. सूचना कोण म्यूट करणा नाय, कारण थंय दिवसाक एखादोच मेसेज पडता. पयल्यांदा म्हाताऱ्यांका जमला नाय. पोरांनी घरोघर जावन फोनात करून दिल्यानी.

समुद्रकाठ:

जुनापान, तुमच्या वाटणीने डोकं बरंच साफ झालं. शुभ सकाळ ही चवीची गोष्ट, चादरवाल्याचा फोटो ही इजेची. मी आतापर्यंत दोन्ही एकाच मापाने मोजायला बघत होते. वाचणाऱ्याचा त्रास वाचणाऱ्याला टाळता येतो. ज्याच्याबद्दल लिहिलंय तो बहुतेक वेळा ग्रुपमध्येही नसतो, त्याने काय गाळायचं?

तळकोकणी, कम्युनिटी पटते आहे. एक शंका. सूचनांचा ग्रुप फक्त ॲडमिनच्या हाती दिला, तर त्या रापणकराची तक्रार सूचनांत येईल का, हे पुन्हा तीन माणसांच्या मर्जीवर. तुम्ही ते कसं सोडवलं?

कोर्टाचीपायरी:

थोडक्यात कायद्याचं. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिनला आपोआप जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये म्हटलं आहे. मजकूर पडण्याआधी तो अडवायचा अधिकार ॲडमिनकडे नसतो, हे त्यामागचं एक कारण. तुमचा आणि त्या सदस्याचा आधीपासून संगनमताचा बेत असेल तर गोष्ट वेगळी. मात्र दुसऱ्याचा मेसेज काढायची सोय ॲडमिनला २०२२ मध्ये मिळाली, म्हणजे त्या निकालानंतर. तेव्हा अफवेचा मेसेज दिसूनही तसाच ठेवू नका. काढण्याआधी स्क्रीनशॉट घ्या आणि पोलीस ठाण्यात कळवा. "भीतीने सगळंच काढा" असा याचा अर्थ नाही. एलईडीची तक्रार काढायला कायद्याचं कोणतंही कारण नव्हतं.

खाडीपलीकडे:

दापोली तालुक्यातून लिहितोय. आमचा ग्रुप तुमच्याहून थोडा लहान आहे, पण भांडणं तीच.

तुमच्या शंकेचं उत्तर आमच्यापुरतं असं. काढायचं कारण काय असू शकतं तेवढं लिहून ठेवलं: जिवाला धोका होईल अशी अफवा, एखाद्याचा फोटो किंवा नंबर टाकून केलेला आरोप, धर्म-जातीवरून चिथावणी, अश्लील मजकूर. बस्स. यात न बसणारं चुकीच्या ग्रुपवर पडलं तर योग्य ग्रुपवर टाकायला सांगतो, पुसत नाही. "वाद होतील" हे कारण आमच्याकडे चालत नाही. वाद व्हायलाच ग्रुप आहे ना गावाचा.

आणि काढलं की गजालीच्या ग्रुपवर एका ओळीत लिहायचं: काय काढलं, कोणत्या कारणाने, कोणी. स्वतःच्या नात्यातल्या माणसाचा किंवा नात्याच्या विषयातला मेसेज असेल तर त्या ॲडमिनने हात लावायचा नाही, दुसऱ्याने बघायचं. सुरुवातीला ही ओळ लिहिताना हात जड व्हायचा. आता तीच आमची ढाल आहे, कारण "आमचाच का काढला" म्हणणाऱ्याला मागच्या सगळ्या ओळी दाखवता येतात.

टेलिग्रामवर हे जरा सोपं आहे. ग्रुपमध्ये विषयवार कप्पे करता येतात, एकेक कप्पा वेगळा म्यूट होतो, आणि एका ॲडमिनने काढलेला मेसेज बाकीच्या ॲडमिनना ४८ तास नोंदीत दिसतो. पण गाव टेलिग्रामवर आलं नाही. तरुण मुलं आली, त्यांचे आईवडील नाही आले. म्हणून परत व्हॉट्सॲप.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. उधाण-वादळाचा इशारा ग्रुपच्या भरवशावर ठेवूच नका, कितीही नीट गाळलात तरी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले, आणि कितीतरी गावं पुढे बरेच दिवस अंधारात होती. फोन म्हणजे हातातली रिकामी डबी झाली होती. आता इशारा आला की देवळावरच्या भोंग्यावरून वाचतात आणि बंदरावरचा एक माणूस वाडीवाडीतून फिरतो.

समुद्रकाठ:

खूप आभार. भोंग्याचं मी उद्याच ग्रामपंचायतीत बोलते. काकांच्या होडीचं दुरुस्तीचं काम चालू आहे, त्यांना हा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, सूचनांचा वेगळा ग्रुप असेल तर पुन्हा आवाज चालू करीन.

आम्ही करणार आहोत ते असं. कम्युनिटी करू, सूचना वेगळ्या आणि गजाली वेगळ्या. काढायची कारणं खाडीपलीकडे यांनी लिहिलीत तेवढीच ठेवू, आणि काढलेल्याची ओळ गजालीत टाकू. मासळीच्या ग्रुपला रापणकरांतला एक आणि बोटवाल्यांतला एक असे दोन ॲडमिन देऊ, म्हणजे एलईडीसारखा विषय एकतर्फी पुसला जाणार नाही.

दोघांचं पटलं तरच काढायचं असा नियम करावा असं बैठकीत आलंय. तक्रारींच्या बाबतीत मला तो योग्य वाटतो. पण चादरवाल्याच्या फोटोसारखं काही पडलं आणि दुसरा ॲडमिन समुद्रात असला, तर त्याची वाट बघत तासभर तो फोटो ठेवायचा का? मला वाटतं माणसावरच्या आरोपापुरतं एकाने लगेच काढावं, दुसऱ्याने नंतर तपासावं, आणि चुकून काढला असेल तर मूळ मजकूर परत टाकायची जबाबदारी काढणाऱ्यावरच असावी. असा 'आधी काढा, मग तपासा' नियम कोणाकडे चालू असेल, तर त्याचे शब्द कसे लिहिलेत ते इथे टाकाल का? रविवारी बैठक आहे.