कोकणातील घरासाठी पावसाचे पाणी: विहिरीत सोडावे की टाकीत साठवावे?

परसदार (मूळ प्रश्न)

राजापूर तालुक्यात सड्याच्या, म्हणजे कातळाच्या उघड्या पठाराच्या, उतारावर आमचे घर आहे. कौलारू छप्पर सुमारे १०० चौरस मीटरचे असून विहीर जांभ्यात खोदलेली, साधारण ३५ फूट खोल आहे. जुलैमध्ये काठावरून वाकून कळशी भरता येईल इतके पाणी वर येते आणि मार्चअखेर तळाचा कातळ उघडा पडतो. घरात पाच माणसे राहतात. एप्रिल-मे टँकरवर काढावे लागतात आणि आमच्या वाडीचा रस्ता असा आहे की टँकरवालाही कुरकुर करतच येतो.

एका कंत्राटदाराने सुचवले आहे की छपराच्या सर्व पन्हळी एका पाइपला जोडून पाणी थेट विहिरीत सोडावे, शिवाय परसात बोअर मारून तिचेही पुनर्भरण करावे, म्हणजे उन्हाळ्याची चिंता मिटेल. खर्च करण्याची तयारी आहे. परंतु जी विहीर पावसाळ्यात आपोआपच तुडुंब भरते, तिच्यात आणखी पाणी सोडून मे महिन्यात काय उरणार, हे मला उमगत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कातळसडा

आपल्या शंकेतच उत्तर दडलेले आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे जमिनीत पाणी मुरत नाही ही आपली अडचण नाही, मुरलेले टिकत नाही ही अडचण आहे. जांभा सच्छिद्र आणि भेगाळ असल्याने पाणी भराभर खाली जाते. मात्र त्याखाली चिकट, पांढुरक्या-गुलाबी मातीचा थर लागला की ते तेथे अडते आणि उताराच्या दिशेने आडवे सरकत सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. तेथून पऱ्या (ओढा), पऱ्यातून नदी आणि पुढे खाडी. जुलैमध्ये भरलेल्या विहिरीत आपण छपराचे पाणी सोडले, तर तेही त्याच वाटेने काही आठवड्यांत निघून जाईल.

म्हणून आपल्या ठिकाणी टाकीच योग्य. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. कौलांवरून उडणारे आणि वाया जाणारे पाणी वजा करून ७५ टक्केच हाती येते असे धरले, तरी ३,००० मिलिमीटर पावसात आपल्या छपरावरून सव्वादोन लाख लिटर पाणी मिळते. गरज मात्र त्या मानाने फारच कमी आहे. जलजीवन मिशनच्या निकषानुसार माणशी रोज ५५ लिटर धरले, तर पाच माणसांना ९० दिवसांसाठी सुमारे २५,००० लिटर लागतात. केवळ पिण्या-स्वयंपाकापुरते माणशी १० लिटर धरले, तर साडेचार हजार लिटरही पुरेत. साडेतीन मीटर व्यासाची आणि २.६ मीटर उंचीची फेरोसिमेंटची (तारेच्या जाळीवर सिमेंट लिंपून केलेली) टाकी २५,००० लिटरची होते. ती भरायला साडेतीनशे मिलिमीटर पाऊसही लागत नाही, म्हणजे घाई करण्याचे कारणच नाही. जून-जुलैचा पाऊस कौले धुण्यासाठी खुशाल जाऊ द्यावा आणि टाकी ऑगस्टमध्ये भरून घ्यावी.

बोअरच्या बाबतीत माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे. ती जांभा आणि मातीचा थर ओलांडून खालच्या काळ्या कातळात जाईल. तेथे भेगा लाभल्या तर पाणी, नाही तर कोरडे भोक. केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात घालायचा पाइप, नीट बसवले नाही, तर वरच्या थरातील, म्हणजे आपल्याच विहिरीचे पाणी त्या भोकातून खाली उतरण्याचा धोका असतो. खाडी जवळ असेल, तर उपशाबरोबर खारे पाणी आत ओढले जाण्याची भीती वेगळीच.

मांजराकाठ

वरील प्रतिसाद कोकणापुरता मान्य आहे. परंतु तो वाचून घाटावरच्या कोणी पुनर्भरणाचा विचार सोडून देऊ नये, एवढ्यासाठी लिहीत आहे. मी लातूरचा आहे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आमच्या शहरात पाणी आणावे लागले होते, हे सर्वांना ठाऊक आहेच. आमच्याकडे ७०० मिलिमीटर पाऊस झाला, तर १०० चौरस मीटरच्या स्लॅबवरून सुमारे ५६,००० लिटर मिळतात. पण पाऊस बेभरवशाचा असल्याने टाकी एका वर्षी भरते आणि दुसऱ्या वर्षी अर्धीच राहते. आमच्या विहिरी मुरमात आणि झिजलेल्या बेसॉल्टमध्ये आहेत, पावसाळ्यातही त्या क्वचितच काठोकाठ भरतात आणि जमीन बरीचशी सपाट असल्याने मुरलेले पाणी रेंगाळते. येथे दगड, खडी आणि वाळू यांचे थर घातलेल्या खड्ड्यातून गाळून विहिरीत सोडलेले पाणी खरोखर उपयोगी पडते.

बोअरमध्ये पाणी सोडण्यापूर्वी मात्र ती पाणी घेते का, हे तपासावे. एक टँकर स्वच्छ पाणी ओतून पातळी किती वेळात उतरते ते पाहिले, तरी पुरेसा अंदाज येतो. अखंड पाषाणातील बोअर तासन्‌तास तशीच भरलेली राहते. तिच्यावर फिल्टरचा खर्च करणे व्यर्थ आहे.

परसदार

दोघांचेही आभार. टाकीचे पटले. आईची एकच हरकत आहे: ऑगस्टमध्ये भरलेले पाणी मे महिन्यात प्यायचे, तर ते खराब होणार नाही का? आमच्या कौलांवर शेवाळ असते आणि फणसाचा पालाही सतत पडत असतो.

तांब्याची कळशी

आपल्या आईंची हरकत रास्त आहे, पण तिला उपाय आहेत. टाकीत उजेड शिरला नाही, तर शेवाळ वाढत नाही. म्हणून झाकण घट्ट बसणारे आणि अपारदर्शक असावे. पन्हळीच्या तोंडाशी जाळी बसवावी, मृगापूर्वी कौले झाडून घ्यावीत आणि पाइपला एक फाटा ठेवावा, म्हणजे पावसाने काही दिवस उघडीप दिल्यानंतरची पहिली सर टाकीत न जाता बाहेर काढता येते. सांडव्याच्या पाइपलाही बारीक जाळी हवीच. डेंग्यूचा डास अशा साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि लोक नेमके तेवढे एक तोंड उघडे ठेवतात. नवीन टाकीतील पहिले पाणी सिमेंटमुळे क्षारीय होते, ते भांडी-कपड्यांना वापरून टाकावे. पिण्याचे पाणी उकळून घेतले की झाले. छपराचा काही भाग सिमेंटच्या जुन्या पत्र्यांचा असेल, तर त्यावरचे पाणी पिण्याच्या टाकीत घेऊ नये, कारण त्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते.

आणखी एक गोष्ट कंत्राटदाराला अवश्य विचारा: विहिरीपासून शौचालयाचा शोषखड्डा किती अंतरावर आणि कोणत्या बाजूला आहे? जांभ्याच्या भेगांतून पाणी फारसे गाळले न जाता वाहते. तो खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला असेल, तर पुनर्भरणाआधी तो हलवण्याचा विचार व्हायला हवा.

कातळसडा

विहिरीसाठीही काही करता येईल, फक्त ते विहिरीपाशी नव्हे. घराच्या वरच्या अंगाने पऱ्या वाहत असेल, तर पावसाळा संपताच, प्रवाह अजून जिवंत असताना, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारा घालावा. जांभ्याचे दगड विपुल असतील, तर दगड रचून प्लास्टिकचे अस्तर दिलेला कोकण विजय बंधाराही चालतो. ऑक्टोबरनंतर अडवलेले पाणी विहिरीची पातळी उतरण्याचा वेग कमी करते; जुलैमध्ये मुरवलेले करत नाही. फरक पडला की नाही हे कळण्यासाठी यंदाच्या ऑक्टोबरपासून दर रविवारी दोरी सोडून पातळी मोजून वहीत लिहावी, म्हणजे पुढील वर्षी तुलना करता येईल.

माथ्यावरील सड्यावर जेसीबीने चर खणण्याचा सल्लाही कोणी देईल. तसे करण्यापूर्वी कातळ नीट न्याहाळावा. आपल्याच तालुक्यातील बारसू आणि देवाचे गोठणे येथील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली आहेत, आणि अशी शिल्पे मातीच्या पातळ थराखाली झाकलेली सापडतात.

परसदार

शोषखड्डा वरच्याच अंगाला, विहिरीपासून जेमतेम २५ फुटांवर आहे. तेव्हा आधी तो हलवतो, त्याच वेळी टाकीचे काम काढतो, बोअर रद्द. पऱ्या चुलतभावांच्या हद्दीतून वाहतो, त्यामुळे बंधाऱ्याचा विषय गणपतीत सगळे घरी येतील तेव्हा काढेन.