मदत हवी आहे: ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) 'सोल्यूशन अजून वाळलं नाही, थांबा' हे कोणी म्हणायचं?

मी ओटीत स्क्रब नर्स आहे, म्हणजे ऑपरेशन चालू असताना सर्जनच्या हातात उपकरणं देणारी. गेल्या आठवड्यात मानेवरची गाठ काढायची केस होती. लोकल भूल, थोडं सेडेशन (गुंगीचं औषध), नाकाला ऑक्सिजनचे प्रॉंग्ज (छोट्या नळ्या). पेंटिंग (त्वचेला जंतुनाशक लावणं) अल्कोहोलवाल्या सोल्यूशनने झालं, लगेच ड्रेप (पेशंटवर झाकायचे कपडे) पडले आणि सर्जन सरांनी कॉटरी (विजेच्या उष्णतेने कापायचं, रक्त थांबवायचं उपकरण) मागितली. टोक टेकलं आणि ड्रेपची कड तपकिरी होऊन आत वळायला लागली. ज्वाळा दिसलीच नाही. अल्कोहोलची ज्वाळा फिकट निळी असते, ओटीच्या लख्ख दिव्याखाली ती कळत नाही. माझ्या हातात सलाईनने भिजवलेला मॉप (कापडी पॅड) होता, तोच दाबला. भूलतज्ज्ञ मॅडमनी ऑक्सिजन बंद केला, ड्रेप ओढून काढले. पेशंटला इजा झाली नाही. नंतर पाहिलं तर मानेखालची चादर ओली होती. सोल्यूशन ओघळून तिथे साचलं होतं.

आग कशी लागते हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे: ऑक्सिजन, ठिणगी आणि जळणारी वस्तू. हवेत ऑक्सिजन 21 टक्के. ड्रेपखाली तो साठत गेला की एरवी नुसता काळा पडणारा कपडाही भडकतो. सोल्यूशन वाळायला त्वचेवर किमान 3 मिनिटं लागतात, केसांत तर तासभरही. सगळं माहीत असूनही दिवसाची ऑपरेशनची लिस्ट लांबलेली असली की ती 3 मिनिटं कोणीच देत नाही.

तुमच्याकडे घड्याळ कोण लावतं? सर्क्युलेटिंग सिस्टर (स्क्रब न करता बाहेरून मदत करणारी), की टाइम-आउटमध्येच (सुरू करण्याआधी सगळ्यांनी थांबून करायच्या तपासणीत) 'वाळलं का' हा प्रश्न घातला आहे? सर घाईत असताना स्क्रबने कॉटरी हातात न देणं चालतं का? मला तेच योग्य वाटतं, पण एकटीच्या जोरावर ते रोज निभत नाही.

दुसरं, चेहऱ्या-मानेच्या केसेसमध्ये कॉटरीआधी ऑक्सिजन 30 टक्क्यांखाली आणायचा किंवा थोडा वेळ बंद ठेवायचा, हे भूलतज्ज्ञ आणि सर्जन एकमेकांना कोणत्या शब्दांत सांगतात? आमच्याकडे 'कॉटरी लावतोय' एवढं म्हणायचीही पद्धत नाही.

ओटीत आगीची ड्रिल घेतली असेल तर तीही कशी घेतली ते लिहा. आमचा सीओटू एक्स्टिंग्विशर (आग विझवायचं सिलिंडर) दाराबाहेर, ट्रॉलीच्या मागे आहे. तो आत आणायची मागणी मी सोमवारच्या मीटिंगमध्ये करणार आहे. त्याआधी उत्तरं मिळाली तर तीही तिथे मांडता येतील.