मदत हवी आहे : केप बफेलोसाठी मोठ्या बोअरची रायफल, कमी पैशांत पण भरवशाची

निशाण_१

आफ्रिकेत केप बफेलोच्या (तिथली रानटी म्हैस) परवान्याच्या शिकारीसाठी बोल्ट अॅक्शन रायफल (दर बाराला हाताने खिट्टी, म्हणजे बोल्ट, मागेपुढे करायची) घ्यायची आहे. सध्या हातात .३०-०६ आहे, त्याहून मोठ्या बोअरची (नळीच्या छिद्राची) सवय नाही. रायफल, स्कोप आणि सरावाची काडतुसं हे सगळं एकाच रकमेत बसवायचं आहे. चार पर्याय समोर आहेत :

१. सीझेड ५५० सफारी मॅग्नम, .४१६ रिग्बी, वापरलेली
२. विंचेस्टर मॉडेल ७०, .३७५ एच अँड एच, वापरलेली
३. रुगर हॉकआय, .३७५ रुगर, नवी
४. झास्तावा एम७०, .४५८ विंचेस्टर मॅग्नम, नवी, यांत सगळ्यात स्वस्त

यांतली कोणती घ्यावी? वापरलेली घेतली तर हातात घेऊन नेमकं काय तपासायचं?

दस्ता_आणि_नळी

आधी कॅलिबर (काडतुसाचं माप) ठरवा, रायफल नंतर. केप बफेलोला .३७५ एच अँड एच पुरते. १९१२ पासून ते वापरात आहे. ३०० ग्रेनची (१९.४ ग्रॅम) गोळी सेकंदाला सुमारे ७७० मीटर वेगाने निघते आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा ५,७०० ज्यूलच्या वर जाते. नामिबियात बफेलोसाठी किमान ५,४०० ज्यूलची अट आहे, ती यात बसते. स्वस्त मिळते म्हणून ९.३×६२ कडे बऱ्याच जणांचं लक्ष जातं. काडतूस उत्तम आहे, पण नेहमीच्या लोडमध्ये ते ४,८०० ज्यूलच्या आसपास थांबतं आणि या अटीत अडकतं. जिथे जायचं तिथला नियम वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता धक्क्याचं. .३०-०६ चा धक्का साधारण २७ ज्यूल. चार किलोच्या रायफलीत .३७५ चा ५० च्या आसपास, साडेचार किलोच्या रायफलीत .४१६ चा ७५ ते ८०, आणि .४५८ चाही साधारण तेवढाच. दुप्पट धक्का सरावाने अंगवळणी पडतो. तिप्पट धक्क्याला बहुतेकांचे डोळे चाप ओढण्याआधीच मिटतात, आणि एकदा लागलेली ती खोड सुटता सुटत नाही. .४१६ ची गोळी चार बोटं मागे लागण्यापेक्षा .३७५ ची हृदयाच्या वरच्या मोठ्या रक्तवाहिन्यांत लागलेली कधीही बरी.

माझं मत : पर्याय २. तो तपासणीत नापास झाला तर ३.

रिग्बीवाला

थोडं वेगळं मत मांडतो. जखमी बफेलो झुडपात शिरला की .४१६ ची ४०० ग्रेनची गोळी देते ते .३७५ देत नाही. फरक खरा आहे. शिवाय .४१६ रिग्बीची पुंगळी ऐसपैस असल्यामुळे दाब कमी राहतो, भर उन्हात तापलेलं काडतूसही सहज बाहेर येतं. .४१६ रेमिंग्टन तोच वेग छोट्या पुंगळीतून काढतं, म्हणजे जास्त दाबाने.

पण प्रश्न पैशांचा आहे, आणि तिथे .४१६ मागे पडतं. काडतुसं महाग, मोजक्याच ठिकाणी मिळणारी, आणि सामान वाटेत हरवलं तर तिकडे .३७५ एच अँड एच मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त. वर्षाला दोनशे बार काढायची तयारी नसेल तर .४१६ घेऊ नका.

खटका

पर्यायांबद्दल पटकन.

.३७५ रुगर (२००७) लांबीला .३०-०६ एवढंच, त्यामुळे अॅक्शन (बोल्ट आणि त्याचं घर) साधी आणि रायफल स्वस्त. ताकद .३७५ एच अँड एचच्या बरोबरीची, किंचित वरच. उणीव एकच : काडतुसं सगळीकडे मिळत नाहीत. हॉकआयवर मझल ब्रेक (धक्का कमी करणारा, नळीच्या तोंडावरचा भाग) असेल तर सरावापुरताच ठेवा. शेजारी उभ्या असलेल्या मागकाढ्याच्या कानांवर तो फार वाईट आदळतो. ब्रेक काढल्यावर गोळीची जागा सरकते, त्यामुळे शेवटचा नेम ब्रेकशिवायच लावा.

मॉडेल ७० मध्ये १९६४ ते नव्वदच्या दशकापर्यंतच्या बहुतेक रायफली पुश-फीडच्या आहेत, म्हणजे बोल्ट काडतूस न पकडता नुसतं पुढे ढकलतो. तुम्हाला हवा लांब पंजाचा एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा), म्हणजे काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच ज्याच्या पकडीत जातं तो. घाबरलेल्या हाताने बोल्ट अर्धवट मागे घेऊन परत पुढे लोटला तरी त्यात दोन काडतुसं एकमेकांत अडकत नाहीत. झास्तावातही तो असतो, पण फीड रेल (काडतूस वर नेणाऱ्या कडा) आणि बोल्टची वाट खरखरीत असतात. पॉलिश करायला कारागीर हाताशी असेल तरच तिचा स्वस्तपणा खरा.

दस्ता_आणि_नळी

तपासणीचा क्रम देतो. आधी बोल्ट काढून चेंबर आणि मॅगझिन रिकामं असल्याची खात्री करा.

• नळी : क्राउनवर (तोंडाच्या कडेवर) टोचा नको. खोबणीत चेंबरच्या पुढच्या दोन-तीन इंचांत खड्डे असतील तर सोडून द्या.

• फीडिंग : निदान वीस डमी (दारू नसलेली) काडतुसं घेऊन जा, अर्धी टोकदार सॉफ्टची (आत पसरणारी गोळी), अर्धी बोथट नाकाच्या सॉलिडची (न पसरणारी). मॅगझिन पूर्ण भरून एकदा अगदी सावकाश, एकदा जोरात, एकदा रायफल आडवी धरून बोल्ट चालवा. सॉफ्ट सुरळीत जाते आणि सॉलिडचं नाक रॅम्पच्या (चेंबरकडे जाणाऱ्या उताराच्या) कडेला अडतं, हा नेहमीचा दोष. एकही काडतूस अडलं तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करा.

• चाप : रायफल रिकामी असताना बोल्ट जोरात बंद करा, सेफ्टी लावा, चाप ओढा, बोट काढा, मग सेफ्टी उघडा. फायरिंग पिन सुटली तर सिअर (पिन अडवून धरणारा खटका) घासलेला आहे किंवा कुणी स्क्रूशी खेळलंय. सीझेडला सेट ट्रिगर असतो, चाप पुढे ढकलला की हलका होतो. तसा सेट करूनही बोल्ट आपटून पाहा. धोक्याच्या शिकारीत तो कधीही सेट करायचा नाही.

• फ्लोअरप्लेट (मॅगझिनच्या तळाची झडप) : मॅगझिनमध्ये डमी भरून दस्त्याच्या तळाला रबरी हातोडीने ठोका. झडप उघडली तर धक्क्याने सगळी काडतुसं पायाशी सांडतील.

• बेडिंग (अॅक्शन दस्त्यात कशी बसली आहे ते) : पुढचा अॅक्शन स्क्रू हळूहळू ढिला करताना बोट नळी आणि फोरेंडच्या (दस्त्याच्या पुढच्या भागाच्या) सांध्यावर ठेवा. नळी वर उचलल्यासारखी जाणवली तर अॅक्शन ताणात बसली आहे.

• दस्ता : टँगच्या (अॅक्शनच्या मागच्या शेपटीच्या) मागे, मॅगझिनच्या मागच्या पातळ पट्टीत आणि मनगटाशी बारीक चीर शोधा. भिंग न्याच.

निशाण_१

मनापासून आभार. मॉडेल ७० काल विकली गेली. सीझेड पाहिली, तर टँगच्या मागे साधारण दोन सेमीची केसाएवढी चीर आहे. मालक चांगलीच सूट देतोय. आता त्याच मालकाकडे तीच रायफल .३७५ एच अँड एच मध्येही आलीय, किंमत थोडी जास्त, दस्ता धड. चिरलेली .४१६ घेऊन दुरुस्त करावी का?

दस्ता_आणि_नळी

नको, .३७५ घ्या. पण बेडिंग तिचंही करावं लागेल, कारण आज दस्ता धड असला तरी चिरेचं कारण तिच्यातही असू शकतं. या रायफलीला दोन रिकॉइल लग (धक्का लाकडावर पेलणारे धातूचे उंचवटे) असतात, एक रिसीव्हरखाली, एक नळीखाली. दोन्ही लाकडावर सारखे टेकले नाहीत तर अख्खी अॅक्शन मागे सरकते आणि टँग पाचरीसारखा लाकडात घुसतो.

उपाय : दोन्ही लगांच्या मागचं लाकूड दोन-तीन मिमी खरवडा. लगांच्या पुढच्या बाजूला, कडांना आणि तळाला टेपचा एक थर लावा, म्हणजे फक्त मागची बाजू टेकेल. सगळ्या धातूला आणि स्क्रूंना रिलीज एजंटचे (एपॉक्सी चिकटू न देणाऱ्या लेपाचे) दोन हात द्या. एक जागा सुटली तरी अॅक्शन कायमची चिकटते. मग स्टीलची पूड असलेली एपॉक्सी भरून चोवीस तास हलवू नका. स्क्रू तेव्हा नुसते बसतील इतकेच फिरवा, आवळू नका, नाहीतर ताण आतच गोठतो. शेवटी टँगच्या मागे अर्धा ते एक मिमी फट कोरा आणि कोरलेल्या लाकडाला तेल किंवा सीलर लावा, नाहीतर पावसाळी हवेत फट बुजते.

खटका

स्कोप १-४ किंवा १.५-५ पट पुरे. डोळ्यापासूनचं अंतर किमान ९० मिमी हवं, नाहीतर भुवई फुटते. सीझेडच्या रिसीव्हरवर माउंटची खाच कोरलेलीच असते, त्यामुळे वेगळ्या बेसचे स्क्रू ढिले होण्याची कटकट नाही. चटकन काढता येणाऱ्या रिंग घ्या आणि लोखंडी माशीवरही ५० मीटरला नेम लावून ठेवा.

सराव टेबलावर टेकून नको, तिथे धक्का पूर्ण खांद्यावर येतो. नेम लावण्यापुरते दहा-बारा बार टेबलावर, बाकी सगळं तीन काठ्यांच्या स्टँडवर उभ्याने. एका बैठकीत पंधराच्या वर जाऊ नका. प्रत्येक बारानंतर खांदा न हलवता बोल्ट चालवायचा. दर चार-पाच बारांत सोबत्याला गुपचूप एक डमी भरायला सांगा. डमीवर नळीचं तोंड खाली डुचकलं तर त्या दिवशी थांबा आणि पुढच्या वेळी .३०-०६ ने सुरुवात करा.

रिग्बीवाला

एक राहिलं. मॅगझिनमधल्या शेवटच्या काडतुसाची लांबी दहा बारांनंतर कॅलिपरने मोजा. धक्क्याने गोळी पुंगळीत आत सरकत असेल तर ती पेटी शिकारीला नेऊ नका, क्रिम्प (गोळीवर दाबलेली पुंगळीच्या तोंडाची कड) घट्ट असलेली दुसरी घ्या.