डायव्हर्टिक्युलम आणि अ‍ॅन्युरिझम, दोन्हीला फुगवटाच म्हणायचं का?

हृदयाच्या इमेजिंगवर मराठीत लिहितेय. डाव्या जवनिकेच्या (हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या) भिंतीतून क्वचित एखादा कप्पा बाहेर आलेला असतो, त्याचे हे दोन प्रकार, पण मराठीत दोन्हीकडे फुगवटाच सुचतोय. अ‍ॅन्युरिझमला धमनीविस्फार हा शब्द वाचलाय पण इथे धमनी आहेच कुठे?

> दोन्हीला एकच शब्द अजिबात नको, कारण टूडी इको किंवा एमआरआय करतात ते मुळात हे दोन वेगळे ओळखायलाच. डायव्हर्टिक्युलम बहुतेकदा जन्मजात, तोंड अरुंद, आणि स्नायूचं असेल तर भिंतीत हृदयाचे तिन्ही थर असतात त्यामुळे जवनिका आकसली की तेही सोबत आकसतं. अ‍ॅन्युरिझमचं तोंड रुंद, भिंत पातळ नि तंतुमय, ती हलत नाही नाहीतर उलट बाहेर ढकलली जाते, आणि एमआरआयमधे गॅडोलिनियम (शिरेतून देतात ते फोटो उठावदार करणारं औषध) दिल्यावर थोड्या वेळाने काढलेल्या फोटोत तिथला वण पांढरा उठून दिसतो. म्हणून मी पहिल्याला पिशवी म्हणेन आणि फुगवटा दुसऱ्यासाठी ठेवेन.

> पिशवी चालेल. मग स्यूडोअ‍ॅन्युरिझमचं काय? त्याला 'खोटा फुगवटा' लिहिलेलं बघितलंय आणि ते फार घातक वाटतं, पेशंट म्हणणार खोटाच आहे ना मग सोडा. खरं तर तिथे भिंत फाटलेली असते, बहुतेकदा हार्ट अटॅकनंतर, आणि रक्त फक्त बाहेरच्या आवरणाने अडवलेलं असतं, कधीही फुटू शकतं. वर तोंडही अरुंद, म्हणजे नुसतं तोंड बघून पिशवी म्हणाल तर फसाल, भिंतीत स्नायू आहे का तेच बघावं लागतं. 'झाकलेली फाट' कसं वाटतं?

>> झाकलेली फाट मस्त, लगेच घेतला!

> जाता जाता, कोर ट्रायएट्रिएटमला 'तीन कर्णिकांचं हृदय' करू नका. कर्णिका (हृदयाचे वरचे कप्पे) दोनच असतात, एकीत (बहुधा डाव्या) जास्तीचा पातळ पडदा असतो आणि त्याला भोक केवढं आहे यावर सगळी लक्षणं, ते इकोत नीट दिसतं. आणि पडदा म्हटलं की लोकांना दोन कर्णिकांमधलाच आठवतो, म्हणून 'आडवा पडदा' लिहा. (संस्कृतात जवनिका म्हणजेच पडदा, पण तो घोळ आता कोण निस्तरणार.)

>> मग जवनिका सोडून निलय घेऊ का? शाळेत आम्हाला कर्णिका-जवनिका होतं, भाची अलिंद-निलय म्हणते.

> काहीही घ्या, फक्त जोडी मोडू नका. कर्णिका आणि निलय असं मिसळलेलं वाचलं की माझं डोकं फिरतं.